विस्मृत विद्येची उजळणी

एकदा हस्तगत झालेली विद्या वापरावाचून पडून राहिली, की तिच्यावर गंज चढतो. लघुलेखनाचे असे झाले, संस्कृतच्या धातुरूपांचेही झाले. गेल्या तीन दशकांत या यादीत आणखी एका विद्येची भर पडली आहे. संगणकाला कळफलकावरून शब्दरूप आज्ञा देऊन काम करवून घेण्याची, म्हणजेच 'कमांड लाइन'ची, ही विद्या होय. १९९०च्या सुमारास ज्यांनी संगणकाचा श्रीगणेशा 'डॉस'वर केला, त्यांना काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी खूण परिचयाची होती. १९९५ साली 'विंडोज ९५' आले, माऊस हाती आला आणि आज्ञा विस्मरणात गेल्या. आज त्याच पिढीतील शिक्षक व लिपिक, तसेच संसारासाठी नोकरी सोडून पुन्हा कामाच्या शोधात निघालेल्या सुशिक्षित स्त्रिया यांच्यापुढे तोच काळा पडदा नव्याने उभा ठाकला आहे.

जे मागे पडले ते पुन्हा कशाला शिकावे, असा प्रश्न कोणी विचारील. वस्तुतः ही विद्या मागे पडलेलीच नाही. ती केवळ सामान्यांच्या नजरेआड गेली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेली 'युनिक्स' आणि तिच्याच धर्तीवर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली 'लिनक्स' या प्रणालींनी आज्ञांची परंपरा अखंड चालविली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही २०१६ साली विंडोजमध्ये लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची सोय केली. यावरून काय तो बोध घ्यावा.

माऊसने एक काम सुलभ होते; तेच काम पाचशे वेळा करावयाचे असेल, तर माऊस ही शिक्षा ठरते. शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्यांची एक यादी आणि रक्कम मिळालेल्यांची दुसरी, या दोन्ही ताडून वंचित विद्यार्थी शोधावयाचे असतील, तर लिपिकाचे दोन दिवस सहज खर्ची पडतात. दोन्ही याद्या 'सॉर्ट'ने क्रमवार लावून 'कॉम' ही आज्ञा दिली, की हेच काम क्षणार्धात होते. मात्र अर्जक्रमांक दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिलेले असावयास हवेत. युनिकोडमधील मराठी मजकुरात एखादे नाव 'ग्रेप'ने शोधता येते. जुन्या फाँटांत टंकित केलेल्या दस्तऐवजांत मात्र ते तसे सापडत नाही, ही आपल्या कार्यालयांची जुनी व्यथा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मानवी भांडवलाचा प्रश्न आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ साली शिक्षणावरील खर्चास गुंतवणूक मानण्याचा आग्रह धरला. गुंतवणूक म्हटली की घसारा आलाच. वापरात नसलेले कौशल्य यंत्राप्रमाणेच झिजते. परंतु येथे एक मोठा भेद आहे. मोडीत निघालेले यंत्र पुन्हा विकत घ्यावे लागते. विसरलेली विद्या तशी नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक प्रयोगांत असे दाखविले, की पाठ केलेला मजकूर विसरला तरी तो दुसऱ्यांदा पाठ करावयास कमी वेळ लागतो. पूर्वी शिकलेल्या माणसावर उजळणीसाठी केलेला खर्च म्हणूनच अधिक फलदायी ठरण्याचा संभव असतो.

तथापि जुनी सवय जितकी साहाय्यक, तितकीच फसवीही असते. डॉसमध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद नव्हता. लिनक्समध्ये तो आहे. मार्ग लिहिताना तेथील तिरकी रेघ उलट दिशेची असते. सर्वांत मोठा धोका 'आरएम' या आज्ञेचा. ती सहसा काही न विचारता फाइल नष्ट करते आणि तेथे कचरापेटीही नसते. यास्तव उजळणी करणाऱ्याने खऱ्या कागदपत्रांवर हात चालविण्यापूर्वी निराळ्या फोल्डरमध्ये त्यांच्या प्रतींवर सराव करावा, रोज चार-पाच आज्ञांहून अधिकांचा हव्यास धरू नये आणि अडल्यास 'मॅन' या आज्ञेने मिळणारी माहितीपुस्तिका वाचावी. आज्ञा पाठ करण्यापेक्षा रोजच्या कामातील एखादी कटकट तिच्या आधारे सोडविणे हा अधिक टिकाऊ मार्ग होय.

छत्रपती संभाजीनगरला या कामी साधनांची वाण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच 'नायलिट' ही केंद्र शासनाची संस्था आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहेत. कमांड लाइनला भारी यंत्र लागत नाही. महाविद्यालयांत अडगळीत पडलेल्या संगणकांपैकी जे सुरू होतात, त्यांवरही हा सराव होऊ शकतो. उणीव आहे ती व्यवस्थेची. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र, अशी समजूत दृढ झाली आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीने अक्षरशः घरोघरी संगणकसाक्षरता नेली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु सेवापुस्तकात नोंद झाली की कर्मचाऱ्याचे शिक्षण संपले, असे मानण्याची प्रथा घातक आहे. महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रौढांसाठी खुल्या कराव्यात. तेथे परीक्षा नको आणि प्रमाणपत्रही नको; शंका विचारता येईल असा एखादा जाणकार विद्यार्थी तेवढा हवा.

खरी अडचण पैशाची नसून संकोचाची आहे. पंचेचाळिशीच्या शिक्षकाला विशीतल्या मुलाकडे शंका विचारणे जड जाते आणि दहा वर्षांच्या खंडानंतर परतणारी स्त्री आपले अज्ञान झाकण्यातच निम्मी शक्ती खर्च करते. विसरणे हा दोष नाही, तो कालधर्म आहे, एवढे कार्यालयांनी आणि शिक्षणसंस्थांनी मान्य केले, तरी निम्मे काम होईल. नव्या विद्येमागे धावणाऱ्या समाजाने पूर्वी अर्जिलेल्या विद्येची अशी हेळसांड करणे त्याला परवडणारे नाही.