रक्ताच्या थेंबाला जात नसते

सिकलसेल तपासणीचे नाव काढले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न येतो, "पोरीच्या लग्नाचं काय?" या भीतीपायी विदर्भातली अनेक घरे तपासणी टाळतात. आमच्या मते ही भीती आता सोडली पाहिजे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवलेली असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच या आजाराचा फरक. ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. फरक साखळीच्या एका लहानशा तुकड्यात आहे, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६ साली दाखवले. तेच आपल्या धम्मदीक्षेचे साल.

आज प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे हा एका अमिनो आम्लाचा फरक ओळखतात. ती लावलेल्या पट्टीवर बोटातला रक्ताचा थेंब तपासला की काही मिनिटांत माणूस निरोगी, वाहक की रुग्ण हे कळते. जुनी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला भेद सांगत नाही. पट्टीवर सिकलसेल दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करून घ्यावी.

"हा आपल्याच लोकांचा रोग" असे कोणी म्हटले तर मान खाली घालू नका. हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठीही आहे. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे तो आढळतो, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. यात ना पूर्वजन्मीचे पाप, ना जातीचा दोष. पट्टीवरचे प्रतिपिंड अमिनो आम्ल बघते, आडनाव बघत नाही.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाने निरोगी जोडीदाराशी लग्न केले तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी सोयरीक ठरण्याआधी व्हावी. फक्त मुलीचाच कागद मागणे म्हणजे मनुस्मृती मागच्या दाराने घरात घेणे.

सरकारनेही पट्टीवर थांबू नये. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. पण तपासणीनंतर हायड्रॉक्सियुरिया गोळी जवळच्या दवाखान्यात नियमित मिळाली पाहिजे आणि अहवाल गुप्त राहिला पाहिजे. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. रुग्णांना ते प्रमाणपत्र मिळवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

बाबासाहेबांनी आधी 'शिका' म्हटले. आपले रक्त जाणून घेणे हेही शिकणेच आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर तपासणी शिबिर मागू या.

जय भीम! नमो बुद्धाय!