पुण्याने कोणती अमेरिका निवडली?

‘अमेरिकेत असं नसतं’ हे वाक्य पुण्यात रोज कुठे ना कुठे कानावर पडते. पेठेत काय किंवा बाणेरच्या सोसायटीत काय, मुलगा नाहीतर मुलगी तिकडे असलेली घरे आता शेजारीपाजारीच सापडतात. पण अमेरिका म्हणजे काही एक गाव नव्हे. मुलांकडे सहा-सहा महिने राहून आलेल्या ज्येष्ठांशी बोलताना मला हे वारंवार जाणवते.

न्यूयॉर्कलगतच्या जर्सी सिटीत राहून आलेले आजी-आजोबा नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर पायी जाऊन भाजी आणतात, जर्नल स्क्वेअरला गाडीत बसून मॅनहॅटनला उतरतात. शिकागोची उन्नत रेल्वे १८९२ची, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ची. न्यूयॉर्क शहरातील निम्म्याहून अधिक घरांत आजही मोटार नाही. घरे लहान आणि भाडी भयंकर, हेही खरे. याउलट सॅन होजेला गेलेले आईवडील शनिवारची वाट पाहतात. घर ऐसपैस, हवा उत्तम. पण देवळात जायचे तर मुलाने मोटार काढली पाहिजे.

हा फरक माणसांच्या स्वभावाचा नाही, नगररचनेचा आहे. न्यूयॉर्क, शिकागो ही मोटारीच्या आधी वाढलेली शहरे. सॅन होजे मोटारीबरोबर वाढले. १९५०मध्ये तिथे ९५ हजार वस्ती होती. पुढच्या वीस वर्षांत आसपासचा मुलूख जोडत शहराचे क्षेत्रफळ सुमारे आठपट झाले, लोकसंख्या चार लाखांपुढे गेली आणि जर्दाळू-आलुबुखाराच्या बागा घरांखाली गेल्या. १९८७मध्ये तिथे हलकी रेल्वे आली खरी. पण तोवर शहर इतके पसरले होते की मोटारीची सवय काही सुटली नाही.

हेच सॅन होजे १९९२पासून पुण्याचे भगिनी शहर आहे! आणि आपण बहिणीच्याच वाटेने निघालो. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे पालिकेत आली. क्षेत्रफळात पुण्याने मुंबई महापालिकेला मागे टाकले. हिंजवडीत नोकऱ्या उभ्या राहिल्या, घरे भलतीकडेच. फरक एवढाच, की सॅन होजेने पसरण्याआधी रुंद रस्ते केले. आपण नुसतेच पसरलो. त्यामुळे न्यूयॉर्कची दाटी आणि सॅन होजेची अंतरे, दोन्ही आपल्या वाट्याला आली.

२०२२मध्ये मेट्रो सुरू झाली, २०२४मध्ये ती स्वारगेटला पोहोचली. आनंद आहे. पण स्थानकापासून घरापर्यंत सलग पदपथ आणि वेळेवर बस नसेल, तर सॅन होजेचाच अनुभव आपल्याला येणार. जर्सी सिटीत एकटे हिंडणारे आजोबा पुण्यात परतल्यावर समोरचा रस्ता ओलांडायला कचरतात. अमेरिकेशी तुलना करायची हौस असेल, तर ती उड्डाणपुलांच्या लांबीवर करू नये. सत्तरीचा माणूस कुणाच्या मदतीवाचून किती लांब जाऊ शकतो, यावर करावी.