थोरल्या भावाची पावती

परवा हिवरे बाजारला जाण्याचा योग आला. नगर तालुक्यातील हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर पार खचले होते. तरुण कामासाठी बाहेर पडले होते. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, बांधबंदिस्ती यांतून गावाने कात टाकली. पाऊस किती झाला हे मोजून पिके ठरवायची, हा इथला पाण्याचा ताळेबंद आता सर्वांना ठाऊक आहे.

चहाला बसलो त्या घरात दुसराच ताळेबंद मांडलेला होता. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. धाकट्या भावाची कॉलेजची फी तोच भरतो. पावत्यांची पिशवी पुढे करून म्हणाला, ‘‘काका, फी मी भरतो, मग करात वजावट मला का नाही?’’

मी त्याला नियम सांगितला. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-सी खाली शिक्षण शुल्काची वजावट मिळे ती स्वतःच्या दोन मुलांपुरती. आणि विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे सगळे धरून दीड लाखाच्या आत. देणगी किंवा विकास निधी त्यात धरत नसत. कलम ८०-ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला आठ वर्षे वजावट. पण कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले हवे. भाऊ-बहीण त्यात नाहीत. २०२५ च्या नव्या कायद्याने कलमांचे आकडे बदलले, नात्यांची यादी तशीच राहिली.

वडिलांना ही सवलत असून नसल्यासारखी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. कर नाही तिथे वजावट कशातून करणार? म्हणजे ज्याला वजावट मिळू शकते त्याला कर नाही, आणि जो कर भरतो त्याचे नाते कायद्याला मान्य नाही!

गंमत अशी, की मालमत्तेच्या बाबतीत हाच कायदा ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ ओळखतो. फीच्या पावतीपाशी आले की मात्र कुटुंब आई-बाप आणि दोन मुले एवढेच उरते. आपल्याकडे पहिला नोकरीला लागलेला मुलगा पाठच्यांचे शिक्षण करतो, ही घरोघरची रीत आहे.

गैरफायदा घेतला जाईल, असे कोणी म्हणेल. मग अटी घाला: आई-वडिलांना करपात्र उत्पन्न नसावे, विद्यार्थी दोनच, पैसे थेट कॉलेजच्या खात्यात. यात अवघड ते काय?

तोवर त्या मुलाला मी एवढेच सांगितले. पुढच्या वर्षी कर्ज काढायचेच असेल, तर ते धाकट्याच्या नावावर बँकेतून काढा. नोकरी लागल्यावर तो स्वतः हप्ते फेडील आणि व्याजाची वजावट त्याला मिळेल. मात्र त्यासाठी जुनी करपद्धती निवडावी लागेल. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात या दोन्ही सवलती नाहीत. दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा.

पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या गावातला तो मुलगा. त्याने पावत्या पुन्हा नीट घडी करून ठेवल्या. त्या पावत्यांवर भावाचेही नाव मोजले जावे, एवढेच मागणे.