बाल्य संपते, व्याधी संपत नाही

वैद्यकशास्त्राच्या अपयशाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्याच्या यशातून जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्याकडे मात्र कोणाचे सहसा लक्ष जात नाही. जे मूल पन्नास वर्षांपूर्वी शाळेचे तोंड पाहण्याआधीच दगावले असते, ते आज वाचते, वाढते, महाविद्यालयात जाते, नोकरीला लागते, लग्न करते. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु ज्या व्याधीतून ते वाचले ती व्याधी पुष्कळदा त्याच्याबरोबरच वाढत असते. अशा तरुणाने अठराव्या वर्षी कोणत्या डॉक्टरांचे दार ठोठवावे, या साध्या प्रश्नाला आपल्या आरोग्यव्यवस्थेपाशी आजही धड उत्तर नाही.

अमेरिकेने या प्रश्नाला जे एक उत्तर शोधले, ते समजून घेण्यासारखे आहे. औषधवैद्यक आणि बालरोग या दोन शाखांची परीक्षा-मंडळे तेथे स्वतंत्र असून प्रत्येकीचे निवासी प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. या दोन मंडळांनी 1967 मध्ये आपसांत एक करार केला. दोन्ही शाखांचे प्रशिक्षण एकाच उमेदवाराला चार वर्षांत द्यावे, त्यांतील 24 महिने प्रौढांच्या आणि 24 महिने मुलांच्या शुश्रूषेत जावेत आणि अखेरीस त्याला दोन्ही मंडळांच्या पूर्ण परीक्षांना बसता यावे, असे ठरले. ‘मेड-पीड्स’ या सुटसुटीत नावाने ओळखला जाणारा हा अभ्यासक्रम आज तेथे पाऊणशेच्या घरातील संस्थांमध्ये चालतो. उमेदवार काही महिने एका विभागात काढतो आणि पुन्हा दुसऱ्यात जातो. शिवाय चारही वर्षे त्याच्या स्वतःच्या बाह्यरुग्ण विभागात तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत सर्व वयांचे रुग्ण नेमाने येत राहतात. 1969 मध्ये तेथे स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता पावलेले कुटुंबवैद्यक याहून निराळे. त्यात प्रसूती आणि किरकोळ शस्त्रक्रियाही येतात. येथे क्षेत्र दोनच शाखांचे, पण त्या दोन्हींत खोल उतरण्याचा आग्रह आहे.

या कराराचे खरे मोल पुढे काळाने दाखवून दिले. 29 नोव्हेंबर 1944 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका निळ्या पडलेल्या बालिकेच्या हृदयविकारावर शस्त्रक्रिया झाली. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ विदुषी, शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक आणि वर्णभेदामुळे ज्याला दीर्घकाळ श्रेय नाकारले गेले तो कुशल तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस, या तिघांच्या परिश्रमाचे ते फळ होते. त्या दिवसापासून जन्मजात हृदयविकाराचा इतिहास पालटला. आज अमेरिकेत असा विकार घेऊन जगणाऱ्यांत मुलांपेक्षा प्रौढांची संख्या अधिक आहे. फुप्फुसे आणि स्वादुपिंड पोखरणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचीही तीच कथा आहे. 1950 च्या सुमारास त्याची मुले प्राथमिक शाळेपर्यंत क्वचितच पोहोचत. आज तेथील या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक प्रौढ आहेत. बालरोगतज्ज्ञाला या रुग्णाचा रोग कळतो, परंतु त्याचा वाढता रक्तदाब, गर्भारपण, मद्यपान, नोकरीतील चिंता हे त्याचे क्षेत्र नव्हे. उलट प्रौढांच्या वैद्याला हे सारे कळते, पण बालपणी हृदयावर केलेल्या त्या शिलाईचे पुढे काय होते हे त्याने शिकतेवेळी पाहिलेले नसते.

या दोन दारांच्या मधली जागा किती घातक असते याचा पुरावाही आहे. टेक्सास राज्यातील डॅलस येथे सिकलसेलच्या बालरुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेकडा सुमारे 94 मुले अठराव्या वर्षापर्यंत सुखरूप पोहोचली होती. परंतु अलीकडचे मृत्यू अठरा वर्षांनंतरचे होते आणि त्यांतले अनेक प्रौढ विभागाकडे गेल्यावर थोड्याच काळात झालेले होते. बालपणभर डोळ्यांत तेल घालून जपलेला जीव हस्तांतराच्या उंबरठ्यावर निसटावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

या अभ्यासक्रमावर आक्षेप नाहीत असे नव्हे. सहा वर्षांचे काम चार वर्षांत उरकले तर धड ना इकडचा, धड ना तिकडचा असा वैद्य तयार होईल, ही शंका सहज मनात येते. परंतु दोन्ही परीक्षा पूर्णपणे उत्तीर्ण होण्याची अट तेथे सैल केलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे शिक्षण घेतलेले सर्वच जण पुढे दोन्ही वयांचे रुग्ण पाहत राहतात असे नाही. कित्येक जण एखाद्या उपशाखेकडे वळतात. तरीही संकटकाळी या दुहेरी शिक्षणाचा उपयोग दिसून आला. 2020 च्या कोविड साथीत न्यूयॉर्कमधील काही बालरुग्णालयांना प्रौढ रुग्ण दाखल करून घ्यावे लागले. तशा वेळी दोन्ही वॉर्डांत वावरलेला डॉक्टर किती मोलाचा ठरतो, हे सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे औषधवैद्यक आणि बालरोग या दोन्ही विषयांच्या एम. डी. पदव्या तीन-तीन वर्षांच्या असून त्यांच्यामध्ये भिंत उभी आहे. अनेक सार्वजनिक रुग्णालयांत मुलाला बारा वर्षे पूर्ण होताच त्याची रवानगी प्रौढांच्या वॉर्डात होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखाली शाळाशाळांतून मुले तपासली जातात आणि हृदयाला छिद्र असलेल्या गरीब मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. योजना उत्तम आहे. पण तिची वयोमर्यादा अठरा वर्षांची आहे. शस्त्रक्रिया झाली की आईबाप नवस फेडतात आणि विषय संपला असे समजतात. वस्तुतः फॅलोच्या विकारात बालपणी हृदय दुरुस्त केलेल्या रुग्णाची फुप्फुसाकडील झडप पुढे गळू लागते आणि तारुण्यात ती बदलण्याची पाळी येऊ शकते. हे त्या तरुणाला सांगायचे कोणी?

विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलने ग्रासलेली कुटुंबे गावोगाव आहेत. 2023 मध्ये केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु तपासणी म्हणजे शुश्रूषा नव्हे. गडचिरोलीतील मुलीचे निदान पाचव्या वर्षी झाले, तरी विसाव्या वर्षी ती गरोदर असताना तिच्या असह्य वेदनांचे कारण ओळखणारा डॉक्टर तिला भेटला पाहिजे. तसा न भेटला, तर तिच्या हाती फक्त निदानाचे कार्ड उरते.

अमेरिकेचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून आणावा, असे आम्ही म्हणत नाही. तेथील मनुष्यबळ निराळे, पैसा निराळा. शिवाय जन्मापासून म्हातारपणापर्यंत एकच ‘घरचा डॉक्टर’ ही कल्पना आपल्याला परकी नाही. गल्लीतल्या दवाखान्यात ती आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवली आहे. हरवली आहे ती मोठ्या रुग्णालयांत. तेथे नवी पदवी न काढताही पुष्कळ करता येईल. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ व्याधींच्या किशोरांसाठी दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून चालवायचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदा तरी असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची जी अट 2020 मध्ये घालण्यात आली, त्यातील काही आठवडे औषधवैद्यकाच्या विद्यार्थ्याने मुलांच्या आणि बालरोगाच्या विद्यार्थ्याने प्रौढांच्या वॉर्डात काढावेत. आणि बालविभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याच्या व्याधीची, औषधांची आणि पुढील धोक्यांची हकीकत सुबोध मराठीत लिहिलेली असावी. या शेवटच्या गोष्टीला तर ना इमारत लागते, ना अनुदान.

मुलाला वाचवण्याची जबाबदारी समाजाने एकदा पत्करली, की त्याच्या अठराव्या वाढदिवसाचे निमित्त पुढे करून ती खाली ठेवता येत नाही. रोग वय पाहून थांबत नाही. मग उपचाराने तरी वय पाहून का थांबावे?