कर कंपनीवर, कपात शेतकऱ्याच्या बिलात

उसाचे बिल हातात पडले की शेतकरी आधी खालची रक्कम पाहतो आणि मग वर जाऊन कपाती मोजतो. तोडणी, वाहतूक, अमुक निधी, तमुक ठेव. दर जाहीर होतो तेव्हा फटाके वाजतात. कपात होते तेव्हा कोणी वाजवत नाही. ही गोष्ट फक्त आपल्याकडची आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया आणि टेक्सासच्या शेतकऱ्याच्या हातीही असेच एक बिल पडते. त्याच्या शिवारातून ऊस नाही, वायू निघतो, एवढाच फरक.

अमेरिकेत जमिनीच्या पोटातले तेल आणि वायू हे सर्वसाधारणपणे जमीनमालकाचे असते. सरकारचे नव्हे. कंपनीला विहीर खणायची तर शेतकऱ्याच्या दारात यावे लागते, भाडेपट्ट्यावर त्याची सही घ्यावी लागते आणि निघालेल्या मालातला हिस्सा त्याला द्यावा लागतो. हा हिस्सा म्हणजे रॉयल्टी. पेनसिल्व्हानियाने 1979 साली कायदाच केला, की हा हिस्सा एक अष्टमांशापेक्षा कमी असता कामा नये. 2008 च्या सुमारास मार्सेलस नावाच्या खडकाच्या थरातल्या वायूसाठी तिथे पट्ट्यांची झुंबड उडाली, तेव्हा दुधाच्या भावाने टेकीला आलेल्या अनेक गोठेवाल्यांना हा पैसा देवासारखा वाटला. मात्र खालचा हक्क वरच्या जमिनीपासून तोडून विकता येतो. ज्याच्या आजोबांनी तो विकून टाकला होता, त्या नातवाच्या वाट्याला फक्त धूळ आणि टँकर आले.

आता कराचे पाहू. जमिनीतून काढलेल्या तेल-वायूवर तिथली बरीच राज्ये उत्खनन कर लावतात. टेक्सासमध्ये वायूवर हा कर बाजारमूल्याच्या 7.5 टक्के आहे, वेस्ट व्हर्जिनियात 5 टक्के. सभेत सांगताना पुढारी सांगतात, कर कंपनीवर आहे. सरकारी खजिन्यात भरणा कंपनीच करते, हे खरे. पण टेक्सासमध्ये रॉयल्टीच्या वाट्याला येणारा कर कंपनी रॉयल्टीतूनच कापून घेते. विहीर खणायची की नाही, वायू आज विकायचा की उद्या, कोणाला विकायचा, यातले काहीही शेतकऱ्याच्या हातात नाही. कर मात्र त्याच्या हिश्शाप्रमाणे त्याच्या माथी आहे.

हिशेब मांडून पाहू. वायू 100 डॉलरला विकला असे धरा आणि हिस्सा आठवा धरा. वायू विहिरीतून वर आल्यावर तो गोळा करणे, दाबणे, स्वच्छ करणे, नळाने बाजारापर्यंत नेणे याला खर्च येतो. तो 20 डॉलर धरा. पट्ट्यात तशी मुभा असेल, तर कंपनी आधी हे 20 वजा करते. उरलेल्या 80 चा आठवा हिस्सा झाला 10. त्यावर 7.5 टक्क्यांनी पाऊण डॉलर कर. हातात आले सव्वानऊ. साडेबारा ऐकून सही केलेल्या माणसाला सव्वानऊ मिळाले. टेक्सासमध्ये रॉयल्टीच्या हक्कावर वर्षाचा स्थानिक मालमत्ता कर वेगळा. त्यानंतर केंद्र सरकारचा प्राप्तिकर. जमिनीतला साठा संपत जातो म्हणून प्राप्तिकरात साधारण 15 टक्क्यांची वजावट मिळते, ही त्यातल्या त्यात सोय.

या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरते. करापेक्षा खर्चाची कपात मोठी आहे. पेनसिल्व्हानियाच्या शेतकऱ्यांनी विचारले, कायद्याने आठवा हिस्सा ठरला असताना त्यातून खर्च कसा कापता? 2010 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी कपात 1979 च्या कायद्याविरुद्ध नाही. कायद्यात हिस्सा लिहिला होता; तो कशाचा हिस्सा, विहिरीच्या तोंडाशी की बाजारात, हे लिहिले नव्हते. उसाची तोडणी-वाहतूक दरातून वजा करतात तेव्हा आपलाही तोच अनुभव आहे.

पेनसिल्व्हानियात गंमत अशी, की एवढा वायू काढणाऱ्या या राज्यात टक्केवारीचा उत्खनन कर नाही. 2012 च्या कायद्याने तिथे दर विहिरीमागे वार्षिक शुल्क बसवले. त्यातून आजवर 2 अब्ज डॉलरपेक्षा अधिक जमा झाले आणि त्याचा मोठा वाटा विहिरी असलेल्या जिल्ह्यांना आणि गावांना गेला. 2015 पासून राज्यपाल टॉम वुल्फ यांनी टक्केवारीचा कर लावण्याचा प्रस्ताव वारंवार मांडला, पण तो कायदा झाला नाही. या वादात सरकारपक्ष म्हणे, कंपन्या भरतील, तुम्हाला काय? विरोधी पक्ष म्हणे, कर लावाल तर गरीब शेतकऱ्याची रॉयल्टी बुडेल. दोघेही शेतकऱ्याच्या नावाने बोलत होते. पण साधा प्रश्न एवढाच, की कर कंपनीला रॉयल्टीतून कापता येणार नाही, असे कायद्यात आधी लिहिणार का?

आमचे म्हणणे असे नाही, की कर वाईटच. अवजड गाड्यांनी रस्ते उखडतात, पाण्यावर ताण येतो, त्याची भरपाई गावाला मिळालीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की कर कोणावर आहे हे कायद्यातल्या नावावरून ठरत नाही. ज्याला पळता येत नाही, त्याच्यावर तो येऊन बसतो. कंपनी दुसऱ्या राज्यात जाऊ शकते. जमीन जागची हलत नाही. 2016 साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. नियम टिकला, पण खरेदीदाराने बोली तेवढी खाली आणली, तर अडत कोणी भरली?

आता स्वतःकडे वळू. टेक्सासचा शेतकरी सव्वानऊसाठी भांडतो, कारण त्याच्या हातात निदान बिल आहे. आपल्या हातात तेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे 48 वे कलम सांगते, की जमिनीवरचे आणि जमिनीखालचे खनिज सरकारचे. 2013 साली केरळच्या मलबारमधील काही जमिनींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खालचे खनिज वरच्या मालकाचे असते, जोवर कायद्याने ते काढून घेतलेले नाही. आपल्याकडे कायद्याने ते काढून घेतले आहे. 2024 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की रॉयल्टी हा कर नाही, तो पट्टा देणाऱ्याला मिळणारा मोबदला आहे. आणि खनिज हक्कांवर राज्ये वेगळा कर लावू शकतात. वाद केंद्र, राज्य आणि खाणवाले यांचा. ज्याची जमीन, तो कुठे आहे?

वायूशी आपला संबंध येतो तो नळाचा. दाभोळहून बंगळूरूकडे जाणारी वायूवाहिनी आपल्याच राज्यातून जाते. 1962 च्या कायद्याने जमिनीच्या वापराचा हक्क घेतला, की पिकाच्या आणि इतर नुकसानीव्यतिरिक्त जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मोबदला, तोही एकदाच. मग त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. नळातून वायू वर्षानुवर्षे वाहतो. शेतकऱ्याचा पैसा एका दिवसात संपतो.

म्हणून आमच्या मागण्या तीन. जमिनीखालून जे निघेल वा वाहील, त्यात मालकाचा वाटा दरवर्षी मिळावा. त्यावर कर बसवायचा तर तो कोणाच्या खिशातून जाणार हे कायद्यात लिहावे. आणि प्रत्येक कपात बिलावर वेगळ्या ओळीत छापावी. आधी वाटा द्या. मग कराचे बोला, आम्ही पळून जाणार नाही. आम्हाला पळता येतच नाही.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. ज्याच्या शेतातून नळ गेला आहे त्याने सातबारा आणि मोबदल्याचा कागद जिल्हा बैठकीला घेऊन यावे. बाकीच्यांनी उसाचे बिल आणावे. खालची रक्कम आपण रोज वाचतो. या वेळी एकत्र बसून मधल्या ओळी वाचू.