मांडव्याचा अविनाश आणि पस्तीस अडथळे



परवा पैठण तालुक्यात तुरीचे पीक पाहायला गेलो होतो. बांधावर चहा घेताना एका गृहस्थांनी विचारले, "साहेब, आमचं पोरगं पहाटे उठून सडकेनं पळतंय. पळून कुणाचं पोट भरलंय का?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून आज तुरीवरची अळी बाजूला ठेवून त्याचेच उत्तर देतो.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे जन्मला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, वाहनाची सोय नाही. पोरगा चालत-पळत शाळा गाठायचा. बारावी झाल्यावर घराला हातभार म्हणून सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू दोन्ही पाहिली. स्पर्धेत धावू लागला तो २०१५ साली, विशी गाठल्यावर! प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला 'स्टीपलचेस' या शर्यतीकडे वळवले.

ही शर्यत मुळात रानातलीच. पूर्वी इंग्लंड-आयर्लंडात एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओढे, कुंपणे ओलांडत धावत. आता ती मैदानावर ३००० मीटरची असते. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, एकूण पस्तीस. अडथळा सुमारे तीन फूट उंच आणि चांगला जड. धक्का लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो.

आता त्याची चढती कमान पाहा. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. १९९८ ते २०१८ पर्यंत प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती, हे ध्यानात घ्या. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१.

सहा वर्षांत वीस सेकंद! एकरी उतारा असाच वाढतो. एका हंगामात दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका.

संकटे त्यालाही चुकली नाहीत. जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली. एका गारपिटीत उभे पीक जावे तसेच ते. पण म्हणून आधीची मेहनत वाया गेली असे कोण म्हणेल?

तर त्या गृहस्थांना माझे उत्तर असे. नुसते पळून पोट भरत नाही, हे खरे. अविनाशनेही आधी बारावी केली, नोकरी धरली, मग धावला. म्हणून मुलाचे शिक्षण मोडू नका, पण पळणेही मोडू नका. त्याला डांबरी सडकेऐवजी मातीच्या वाटेने पळू द्या, गुडघे टिकतील. आठवड्यात एक दिवस विसावा द्या. घरचे दूध डेअरीला घालताना एक पेला त्याच्यासाठी ठेवा. शेंगदाणे-गूळ तर घरचाच आहे. वेग दिसला तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. आणि मुलगी पळत असेल, तर हेच सारे तिच्यासाठीही करा.

पदक एखाद्यालाच मिळेल. पण पोलीस भरतीच्या मैदानावर छाती फुलवून उभे राहण्याइतका दम तरी प्रत्येकाला मिळेल. तोही काही कमी उतारा नाही.

पुढच्या खेपेला तुरीकडे वळू.