मोहोरबंद पाकीट आणि अडकलेली फाईल

लाच घेताना पकडलेला अधिकारी काही महिन्यांत कामावर परततो, पुढे त्याच्या बढतीचा आदेशही निघतो, आणि लोक न्यायालयांच्या दिरंगाईला बोल लावतात. खरी मेख त्याआधीच, खात्याच्या टेबलावर आहे. महाराष्ट्रात याबाबतची कार्यपद्धती 15 डिसेंबर 2017 च्या शासन निर्णयाने ठरलेली आहे. कर्मचारी निलंबित असेल, विभागीय चौकशीचे दोषारोपपत्र त्याला बजावले असेल किंवा फौजदारी खटल्यात न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले असेल, तर विभागीय पदोन्नती समितीचा त्याच्याविषयीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवायचा. या पद्धतीमागे सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा जानकीरामन निकाल आहे. नुसती चौकशी चालू आहे किंवा गुन्हा नोंदला आहे एवढ्यावरून कुणाची बढती अडवता येणार नाही, असे त्या निकालाने सांगितले, आणि ते रास्तच होते. खोटी तक्रार करायला फारसे काही लागत नाही.

अडचण आहे ती गुन्हा नोंदल्यापासून आरोपपत्रापर्यंतच्या काळाची. सापळ्याच्या प्रकरणात बहुतेक पुरावा पहिल्याच दिवशी हाती येतो : पावडर लावलेल्या नोटा, पंचांसमोरचा पंचनामा, लाचेच्या मागणीचे रेकॉर्डिंग. तरीही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अभियोग मंजुरी मिळाल्याशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. मंजुरी द्यायची त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार असलेल्या प्राधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा त्याच्याच खात्याने. मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी एका महिन्याची. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. इकडे सर्वोच्च न्यायालयाच्याच 2015 च्या निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे रेटता येत नाही. आता साखळी जुळवून पाहा. खात्याने मंजुरीची फाईल दाबून ठेवली आणि दोषारोपपत्रही काढले नाही, की निलंबन उठते, न्यायालयात आरोपपत्र जात नाही आणि पदोन्नती समितीसमोर तो माणूस निष्कलंक ठरतो. पाकीट बंद करायचे की नाही, हे असे त्याचेच खाते ठरवते. पदोन्नतीचा एकही नियम न मोडता हे घडते, हीच यातली सर्वांत गंभीर बाब आहे.

गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच, मग बढती का रोखायची, असा आक्षेप घेतला जातो. शिक्षेच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. पण मोहोरबंद पाकीट ही शिक्षा नाही. पाकिटामुळे सध्याचे पद किंवा त्याचा पगार जात नाही, आणि पूर्ण दोषमुक्त झाल्यावर कनिष्ठ सहकाऱ्याला बढती मिळाली तीच तारीख त्याच्याही बढतीचा मानीव दिनांक धरली जाते. घटनेने दिलेला हक्क बढतीसाठी विचार होण्याचा आहे, बढतीचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खटले वर्षानुवर्षे चालतात, तोवर निर्दोष माणूस निवृत्त होतो. त्यावरचा सध्याचा तोडगा म्हणजे दोन वर्षांनंतर तदर्थ पदोन्नतीचा विचार. मला तो घातक वाटतो, कारण त्यामुळे दिरंगाईच आरोपीच्या कामी येते, आणि खरोखर निरपराध असलेल्याच्या माथ्यावरचा डाग मात्र तसाच राहतो. विभागीय चौकशी फौजदारी खटल्यासोबत चालू शकते, हे 1999 च्या पॉल अँथनी निकालापासून स्पष्ट आहे. तिला खटल्याइतका कठोर पुरावाही लागत नाही. ती शक्यतो सहा महिन्यांत, जास्तीत जास्त वर्षभरात संपवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच बजावले आहे. ती वेळेत झाली तर दोषी आणि निर्दोष दोघांचाही निकाल खात्यापुरता लागतो.

म्हणून दुरुस्ती नेमक्या जागी व्हावी. सापळ्यात पकडलेल्या प्रत्येकाला तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र द्यावे. मंजुरीची फाईल मुदतीपलीकडे रेंगाळली, तर ती कुणाच्या टेबलावर किती दिवस होती याची नोंद पदोन्नती समितीसमोर ठेवावी आणि फाईल रोखणाऱ्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालातही घ्यावी. तदर्थ बढती द्यावीच लागली, तर ज्या पदावर लोकांची कामे आणि पैसा हाताळला जातो तिथे ती देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे.